टीबीच्या गोळ्या आणि गजकर्णाच्या कॅप्सूल: कोणते औषध थांबवायचे?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका भगिनीचे पत्र आले आहे. ते थोडे संक्षिप्त करून देत आहे.

‘माझे मिस्टर रिक्षा चालवतात. वय ३८, वजन ५२ किलो. पाच आठवड्यांपूर्वी थुंकीच्या तपासणीत फुप्फुसाचा टीबी निघाला आणि सरकारी दवाखान्यातून रोज चार गोळ्या सुरू झाल्या. पहिल्याच दिवसापासून लघवी नारिंगी होते. मळमळते, जेवण जात नाही, गुडघे आणि घोटे दुखतात, तळपायांना मुंग्या येतात. त्यांना वर्षभर जांघेत आणि कमरेवर गजकर्णही आहे. मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की आठ दिवस बरे वाटते, मग दुपटीने पसरते. तीन आठवड्यांपूर्वी त्वचेच्या डॉक्टरांनी इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल दिल्या, पण टीबीचे त्यांना सांगितले नाही, कारण यांना लाज वाटते. कॅप्सूलचा काही उपयोग झालेला नाही. आता हे म्हणतात, टीबीच्या गोळ्यांनी अंगात उष्णता झाली आहे, त्या महिनाभर बंद ठेवतो आणि गजकर्ण बरे झाले की पुन्हा सुरू करतो. सासूबाईंचेही तेच मत आहे. दोन्ही औषधे एकत्र चालतात का? लिव्हर खराब होईल का? आमची मुलगी चार वर्षांची आहे. आशाताईंनी तिला आणि मला टीबी होऊ नये म्हणून औषध घ्यायला सांगितले आहे. माझ्या गोळ्या आठवड्यातून एकदा घ्यायच्या आहेत. त्या घ्याव्यात का? मी माला-एन घेते.’

प्रिय ताई,

टीबीच्या गोळ्या त्यांनी स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नयेत. इट्राकोनाझोलची कॅप्सूल मात्र आजपासून घेऊ नये, आणि ज्या डॉक्टरांनी ती दिली त्यांना फोन करून टीबीचे उपचार चालू असल्याचे स्पष्ट सांगावे. तिसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. मळमळ आणि अन्नावरची वासना उडणे ही लक्षणे पाचव्या आठवड्यातही टिकून आहेत, तेव्हा उद्या किंवा फार तर परवा टीबीच्या डॉक्टरांकडे जाऊन यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी. तुमचे मिस्टर जे औषध थांबवू पाहत आहेत ते चालू राहायला हवे आणि जे निर्धास्तपणे घेत आहेत ते थांबायला हवे. असे का, हे त्यांना पटले तरच ते ऐकतील, म्हणून जरा सविस्तर लिहिते. हे उत्तर त्यांना आणि सासूबाईंना वाचून दाखवा.

टीबीचा जीवाणू फार संथ वाढतो. आपल्या आतड्यातले काही नेहमीचे जीवाणू अनुकूल परिस्थितीत २० मिनिटांत दुप्पट होतात. टीबीच्या जीवाणूला त्यासाठी साधारण २० तास लागतात. त्यातले काही जोमाने वाढत असतात, काही अर्धवट सुप्त असतात आणि मधूनच थोडा वेळ जागे होतात, तर काही सुजलेल्या जागेतल्या आम्लधर्मी वातावरणात दबून बसलेले असतात. एकच औषध या सगळ्यांपर्यंत पोचत नाही. म्हणून त्या लालसर गोळीत चार औषधे एकत्र घातलेली असतात. ५० ते ६४ किलो वजनाच्या माणसाला अशा चार गोळ्या लागतात, म्हणजे तुमच्या मिस्टरांची मात्रा वजनानुसार बरोबर आहे.

या जीवाणूभोवती मेणासारख्या मायकोलिक आम्लांचे जाड आवरण असते आणि त्याच्या आधारावर तो वर्षानुवर्षे शरीरात तग धरतो. आयसोनियाझिड हे औषध जीवाणूत शिरेपर्यंत निष्क्रिय असते; जीवाणूचेच एक विकर (एन्झाइम) त्याला जागे करते आणि जागे झालेले औषध त्या मेणकट आवरणाची निर्मिती बंद पाडते. जोमाने वाढणारे जीवाणू पहिल्या काही दिवसांतच मोठ्या संख्येने मरतात ते मुख्यतः याच्यामुळे. इथॅम्बुटॉल हे त्या आवरणाखालचा शर्करांचा थर जोडू देत नाही. रिफाम्पिसिन जीवाणूच्या जनुकांवरून आरएनए तयार करणाऱ्या विकरालाच अडवते, त्यामुळे जीवाणूला कोणतेही प्रथिन बनवता येत नाही, आणि थोडा वेळ जागे होणारे अर्धसुप्त जीवाणूही त्याच्या तावडीत सापडतात. पायराझिनामाइड आम्लधर्मी जागेत काम करते, जिथे बाकीची औषधे दुबळी पडतात. हे औषध सुरुवातीचे दोन महिने दिल्यामुळेच पूर्वीचा नऊ महिन्यांचा उपचार सहा महिन्यांवर आणता आला.

आता महिनाभर गोळ्या बंद ठेवल्या तर काय होईल ते पाहा. फुप्फुसात टीबीची पोकळी झालेली असेल तर तिच्यात ढोबळमानाने १० कोटी जीवाणू असू शकतात. साधारण १० लाखांत एक जीवाणू जन्मतःच आयसोनियाझिडला न जुमानणारा असतो, आणि १० कोटींत एक रिफाम्पिसिनला न जुमानणारा. दोन्ही औषधांना एकाच वेळी पुरून उरणारा जीवाणू सापडणे जवळजवळ अशक्य असते, आणि एकत्रित उपचाराची सारी ताकद या हिशेबात आहे. स्ट्रेप्टोमायसिन एकटे देऊन पाहिले गेले तेव्हा रुग्ण आधी झपाट्याने सुधारले आणि नंतर त्यांच्यातल्या अनेकांच्या थुंकीत त्या औषधाला दाद न देणारे जीवाणू आले. ब्रिटनमधल्या १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने हे स्पष्ट दाखवले. मधेच बंद करणे, पुन्हा सुरू करणे, त्रास झाला की चारपैकी दोनच गोळ्या घेणे, अशा वागण्याने नेमके चिवट जीवाणू मागे राहतात आणि वाढतात. मग जो टीबी उद्भवतो त्याला या चार गोळ्या पुरत नाहीत. त्याच्यासाठी बेडाक्विलिन, लिनेझोलिड यांसारखी औषधे आहेत आणि ती प्रभावीही आहेत, पण लिनेझोलिडने पायांच्या नसांना आणि रक्तपेशींना होणारा त्रास आजच्या मुंग्यांपेक्षा कितीतरी मोठा असू शकतो. पाच आठवड्यांत खोकला कमी झाला असेल, ताप गेला असेल. तरीही सुप्त जीवाणू अजून आत आहेत.

त्यांना होणारे त्रास खरे आहेत, आणि ‘सहन करा’ एवढेच सांगणे मला योग्य वाटत नाही. प्रत्येक त्रासाला वेगळे कारण आहे आणि बहुतेकांवर उपाय आहे.

नारिंगी लघवी ही रिफाम्पिसिनची. हे औषध मुळातच लाल-नारिंगी रंगाचे आहे आणि ते लघवी, घाम, अश्रू यांतून बाहेर पडते. बनियनवर डागही पडतात. यात उष्णतेचा काही संबंध नाही आणि अपायही नाही; उलट औषध अंगात गेल्याची ती खूण आहे. मात्र कावीळ झाल्यावर लघवी गडद होते आणि हा नारिंगी रंग तिच्यावर पांघरूण घालू शकतो. म्हणून लघवीवरून अंदाज बांधू नका. सकाळी उजेडात डोळ्यांचा पांढरा भाग पाहा. गोळ्यांमुळे झालेला रंग दिवस मावळेपर्यंत फिका होत जातो, काविळीतला गडदपणा दिवसभर टिकतो आणि डोळे पिवळे दिसू लागतात.

गुडघे आणि घोटे दुखणे हे बहुधा पायराझिनामाइडमुळे आहे. ते मूत्रपिंडातून युरिक आम्ल बाहेर पडू देत नाही, त्यामुळे रक्तातले युरिक आम्ल वाढते आणि सांधे दुखतात. तिसऱ्या महिन्यापासून हे औषध बंद होते, म्हणजे तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत ते आणखी तीनेक आठवडेच आहे. तोवर डॉक्टर साधी वेदनाशामक गोळी देतील. ती मेडिकलमधून मनाने आणू नका, कारण यकृतावर आधीच ताण असताना पॅरासिटामॉलही जपून घ्यावे लागते.

तळपायांच्या मुंग्या आयसोनियाझिडमुळे येतात. हे औषध ब-६ जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणते आणि नसांना ते जीवनसत्त्व कमी पडते. वजन घटलेल्या, दारू घेणाऱ्या किंवा मधुमेह असलेल्या माणसाला हा त्रास लवकर होतो. टीबीच्या गोळ्यांबरोबर रोज १० मिलिग्रॅम पायरिडॉक्सिन, म्हणजे हेच ब-६, द्यायचे असते. ती लहान गोळी त्यांना मिळते आहे का आणि ते ती घेतात का, हे आधी तपासा. पुष्कळ घरांत ‘ही नुसती व्हिटॅमिनची’ म्हणून ती बाजूला पडलेली असते. मुंग्या सुरू झालेल्या असल्याने डॉक्टर बहुधा मोठी मात्रा देतील. हा त्रास लवकर पकडला तर पूर्ण जातो, रेंगाळत ठेवला तर नसांना कायमची इजा होऊ शकते. त्यांची रक्तातली साखर आणि एचआयव्ही तपासणी टीबीच्या सुरुवातीलाच व्हायला हवी होती. झाली नसेल तर तीही या भेटीत करून घ्या.

पत्रात तुम्ही डोळ्यांबद्दल काही लिहिलेले नाही, पण ते रिक्षा चालवतात म्हणून मुद्दाम सांगते. इथॅम्बुटॉलने क्वचित दृष्टीच्या नसेला सूज येते. नजर धूसर होते आणि लाल-हिरव्यातला फरक ओळखू येईनासा होतो. हे सहसा दोन महिन्यांनंतर घडते आणि मात्रा जास्त असेल किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर धोका वाढतो. आपल्याकडे हे औषध पूर्ण सहा महिने दिले जाते, त्यामुळे लक्ष शेवटपर्यंत ठेवावे लागते. आठवड्यातून एकदा एकेक डोळा झाकून वर्तमानपत्राची बारीक अक्षरे वाचायला सांगा आणि तुमच्या बांगड्यांमधली लाल कोणती, हिरवी कोणती ते ओळखायला सांगा. फरक जाणवला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. औषध वेळेवर बंद केले तर नजर बहुधा परत येते.

राहिले यकृत, आणि तुमच्या सगळ्या प्रश्नांची गाठ तिथेच आहे. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला सुजवू शकतात, त्यात पायराझिनामाइडकडून होणारी इजा सर्वांत गंभीर ठरू शकते. पुष्कळ रुग्णांत यकृताची विकरे थोडी वाढतात आणि उपचार चालू असतानाच खाली येतात, त्यामुळे अहवालात एखादा आकडा जरा जास्त दिसला म्हणून घाबरायचे कारण नसते. एसजीपीटी हे यकृताचे विकर रक्तात नेहमीच्या कमाल मर्यादेच्या पाचपटीहून अधिक झाले, किंवा मळमळ, उलट्या, कावीळ अशी लक्षणे असताना तिपटीहून अधिक झाले, तर डॉक्टर यकृताला त्रास देणारी औषधे थांबवतात. यकृत सावरले की एकेक औषध क्रमाने पुन्हा सुरू करून दोषी औषध कोणते ते शोधतात, आणि मधल्या काळासाठी गरज असेल तर यकृताला न दुखवणारी दुसरी औषधे देतात. हे थांबवणे तुमच्या मिस्टरांच्या मनातल्या थांबवण्याहून अगदी निराळे आहे. इथे काय थांबवले, किती दिवस आणि पुन्हा काय सुरू करायचे याचा हिशेब कुणीतरी ठेवत असते. उलट्या थांबत नसतील, डोळे पिवळे दिसले, उजव्या बरगडीखाली दुखू लागले किंवा माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागला, तर मात्र पुढची मात्रा देण्याआधी त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

नुसत्या मळमळीसाठी गोळ्या थोडे खाऊन घेतल्या तरी चालते. उपाशीपोटी त्या जास्त चांगल्या शोषल्या जातात, पण उलटी होऊन वाया जाण्यापेक्षा पेज किंवा मऊ भात खाऊन घेणे बरे. आम्लपित्ताचे औषध त्याच वेळी देऊ नका, दोन तासांचे अंतर ठेवा, कारण त्यातल्या काही क्षारांमुळे आयसोनियाझिड नीट शोषले जात नाही. दारू पूर्ण बंद हवी. काविळीवरची किंवा ‘उष्णता काढणारी’ गावठी औषधेही नकोत. त्यांत काय आहे ते कुणालाच माहीत नसते आणि यकृताला इजा झालीच तर ती कशाने झाली हे शोधणे अशक्य होऊन बसते. तुम्ही कोकणातल्या आहात म्हणून आणखी एक: ताजी मासळी त्यांनी जरूर खावी, त्यांना प्रथिनांची गरज आहे, पण कुपा (ट्यूना) सहा महिने टाळावा आणि कोणताही शिळा मासा खाऊ नये. अशा मासळीत हिस्टामिन साठते आणि आयसोनियाझिडमुळे शरीराला त्याचा निचरा करता येत नाही. मग चेहरा लालबुंद होतो, डोके ठणकते, छाती धडधडते, आणि घरातले लोक समजतात की गोळीच अंगावर उठली.

आता गजकर्णाकडे वळू. जीवाणूंवरची औषधे शोधणे तुलनेने सोपे गेले, कारण जीवाणूची रचना आपल्या पेशींहून फार वेगळी आहे. बुरशीचे तसे नाही. तिची पेशी आपल्या पेशीच्या खूप जवळची असते, त्यामुळे तिला मारणारे औषध आपल्यालाही टोचते. २०२१ साली करोनानंतरच्या काळ्या बुरशीच्या साथीत महाराष्ट्रात अँफोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी नातेवाइकांनी किती धावाधाव केली ते आपल्या सर्वांच्या लक्षात आहे. ते औषध बुरशीच्या पेशीच्या पडद्याला भोके पाडते. जीव वाचवते, पण थंडी वाजून ताप आणते, मूत्रपिंडांना दुखवते आणि रक्तातले पोटॅशियम उतरवते. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये तिथल्याच मातीतल्या सूक्ष्मजीवापासून शोधलेले हॅमायसिन हे याच कुळातले औषध.

मोठा फरक सापडतो तो एकाच ठिकाणी. आपल्या पेशींच्या पडद्यात कोलेस्टेरॉल असते, बुरशीच्या पडद्यात त्याच्या जागी एर्गोस्टेरॉल असते. टर्बिनाफिन एर्गोस्टेरॉल बनण्याची सुरुवातीची पायरी रोखते. इट्राकोनाझोल आणि फ्लुकोनाझोल पुढची एक पायरी रोखतात. ज्या विकराला ही दोन औषधे पकडतात त्याची भावंडे आपल्या यकृतातही आहेत, आणि इतर औषधांची विल्हेवाट लावणे हे त्या भावंडांचे काम आहे. म्हणून या गटातल्या औषधांचे दुसऱ्या औषधांशी सतत भांडण होते. इट्राकोनाझोल यकृताला सूज आणू शकते, पायांवर सूज आणू शकते आणि हृदय कमजोर असलेल्याला तर घातक ठरू शकते. आम्लपित्ताच्या गोळ्या चालू असतील तर कॅप्सूल नीट शोषलीही जात नाही, कारण तिला पोटातले आम्ल लागते.

रिफाम्पिसिनचा स्वभाव याच्या उलट आहे. ते यकृताला औषधे मोडून काढणारी विकरे भरपूर बनवायला लावते. साधारण दोन आठवड्यांत ही वाढ शिखरावर पोचते. टाकीत नळाने पाणी सोडावे आणि तळाचे भोक नळाहून मोठे असावे, तशी इट्राकोनाझोलची गत होते. रोज कॅप्सूल घेऊनही रक्तातले प्रमाण कधीकधी मोजताही येणार नाही इतके खाली जाते. तुमच्या मिस्टरांनी कॅप्सूल सुरू केल्या तेव्हा रिफाम्पिसिनला दोन आठवडे झाले होते, म्हणजे अगदी चुकीची वेळ साधली गेली. त्वचारोगतज्ज्ञांना हे ठाऊक असते. त्यांना टीबीचे सांगितले असते तर त्यांनी ही कॅप्सूल लिहिलीच नसती. मात्रा दुप्पट करूनही हे सुटत नाही, आणि यकृताला मात्र आणखी एका औषधाचा निचरा करत राहावे लागते. गजकर्ण बरे न होणे आणि मळमळ वाढणे यांचा दोष टीबीच्या गोळ्यांच्या ‘उष्णते’वर गेला, ही मला या पत्रातली सर्वांत खेदाची गोष्ट वाटते.

टर्बिनाफिनच्या गोळीची ताकदही रिफाम्पिसिनमुळे साधारण निम्म्यावर येते. फ्लुकोनाझोलवर परिणाम त्यामानाने कमी होतो. तोंडाने काही द्यायचेच झाले तर काय आणि केव्हा, हे टीबीचे डॉक्टर आणि त्वचारोगतज्ज्ञ यांनी एकमेकांशी बोलून ठरवावे. गजकर्णाने जिवाला धोका नसतो. यकृताची तपासणी नीट येईपर्यंत आणि पायराझिनामाइड बंद होईपर्यंत वरून लावायच्या औषधावर राहणे मला शहाणपणाचे वाटते. इट्राकोनाझोल पुढे लागलेच, तर रिफाम्पिसिन संपल्यावर किमान दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात, कारण वाढलेली विकरे ओसरायला तेवढा वेळ घेतात.

लावायच्या मलमांना ही अडचण नाही. ल्युलिकोनाझोल, सर्टाकोनाझोल, टर्बिनाफिन यांची साधी क्रीम रक्तात नगण्य उतरतात. तुमची मेडिकलमधली ट्यूब मात्र मला संशयास्पद वाटते. आठ दिवस आराम आणि मग दुपटीने पसरणे, हे स्टिरॉइडमिश्रित मलमाचे वैशिष्ट्य आहे. ट्यूबवरची नावे वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन किंवा बेक्लोमेथासोन यांपैकी काही असेल तर ती लावणे थांबवा. स्टिरॉइड खाज आणि लाली दाबते, त्वचेची प्रतिकारशक्तीही दाबते, आणि बुरशी आत निवांत वाढते. जांघेतली त्वचा पातळ होऊन तिच्यावर कायमचे व्रण पडतात. बंद केल्यावर काही दिवस खाज उसळेल, त्याची तयारी ठेवा. आपल्या देशात गेल्या काही वर्षांत नेहमीच्या टर्बिनाफिनला दाद न देणारी गजकर्णाची बुरशी पसरली आहे, तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव मिळाले आहे, आणि तिच्या फैलावामागे अशा मिश्र मलमांचा सर्रास वापर हे एक कारण मानले जाते. अशा ट्यूब डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतात हे चुकीचे आहे आणि मेडिकलवाल्यांनी ते थांबवले पाहिजे.

क्रीम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटे अंतरापर्यंत लावावी आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे चालू ठेवावी, कारण बुरशी त्वचेच्या मृत थरात राहते आणि तो थर बदलायला सुमारे महिना लागतो. रिक्षाच्या रेक्झिनच्या सीटवर घट्ट जीन्स घालून दिवसभर घामात बसणे हे बुरशीला पोषक आहे. सैल सुती पँट वापरू द्या. पावसाळ्यात कपडे दमट राहतात, तेव्हा आतले कपडे इस्त्रीने पूर्ण सुकवून द्या. टॉवेल वेगळा ठेवा. घरात आणखी कुणाला चट्टे असतील तर सर्वांचा उपचार एकाच वेळी व्हायला हवा.

बुरशी आणि टीबी यांची गाठ पुढेही पडू शकते, म्हणून एक गोष्ट लिहून ठेवा. टीबी बरा झाल्यावर फुप्फुसात पोकळी राहिली तर काही जणांत तिच्यात अॅस्परजिलस नावाची बुरशी घर करते. वर्षा-दोन वर्षांनी खोकल्यातून रक्त पडले, वजन घटू लागले, तर टीबीच उलटला असे गृहीत धरून पुन्हा तीच औषधे सुरू केली जाऊ नयेत. आधी थुंकीची जनुकीय तपासणी, सीटी स्कॅन आणि अॅस्परजिलसच्या प्रतिपिंडांची रक्ततपासणी व्हावी. त्या आजारात इट्राकोनाझोल महिनोन्‌महिने द्यावे लागते, आणि सोबत रिफाम्पिसिन चालू असेल तर तिथे नुकसान खाजेपुरते राहत नाही.

लाज वाटण्याबद्दल. १९५६ साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या क्षयरोग केंद्राने अभ्यास करून दाखवले की गरीब वस्तीतल्या लहानशा घरात राहून औषधे घेणारे रुग्णही सॅनेटोरियममधल्या रुग्णांसारखेच बरे होतात, आणि रुग्ण घरी राहिला म्हणून घरच्यांना जास्त लागण होत नाही. जगभर टीबीचे उपचार घरी होऊ लागले ते त्या कामामुळे. औषधे लागू पडत असतील तर पहिल्या दोन आठवड्यांतच संसर्ग देण्याची क्षमता खूप कमी होते. त्यामुळे तुमच्या मिस्टरांना ताट वेगळे ठेवण्याची किंवा कोपऱ्यात झोपण्याची गरज नाही, आणि डॉक्टरांपासून लपवण्याची तर मुळीच नाही. एका कागदावर चालू असलेली सगळी औषधे लिहा, टीबीची, त्वचेची, दुकानातून आणलेली, मलमेसुद्धा, आणि तो कागद त्यांच्या खिशात राहू द्या. दवाखान्यात नोंदणी झाली असेल तर निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १,००० रुपये त्यांच्या बँक खात्यात यायला हवेत. येत नसतील किंवा रात्रीअपरात्री शंका आली, तर १८००-११-६६६६ हा निःशुल्क क्रमांक आहे.

मुलीला औषध जरूर द्या. पाच वर्षांखालच्या मुलांना लागण झाली तर टीबी मेंदूच्या आवरणापर्यंत जाण्याचा धोका मोठ्यांपेक्षा जास्त असतो आणि बीसीजी लस त्यापासून पूर्ण संरक्षण देत नाही. आधी तिचे वजन, ताप, खोकला आणि मानेतल्या गाठी डॉक्टरांकडून तपासून घ्या. तिला टीबी नाही याची खात्री झाल्यावरच प्रतिबंधाचे औषध सुरू होते, कारण प्रत्यक्ष आजाराला ते पुरेसे नसते.

तुम्हीही घ्या. आठवड्यातून एकदा अशा १२ वेळा घ्यायच्या गोळ्यांमध्ये आयसोनियाझिडबरोबर रिफापेन्टिन असते. ते रिफाम्पिसिनचे भावंड आहे आणि त्याच्याचसारखे यकृतातली विकरे वाढवते. माला-एनमधली संप्रेरके त्यामुळे लवकर मोडली जातात आणि गोळी नियमित घेऊनही गर्भ राहू शकतो. पहिली मात्रा घेण्याआधी हे आशाताईंना किंवा परिचारिकेला सांगा. सगळ्या मात्रा संपून महिना होईपर्यंत निरोध वापरा, किंवा तांबी बसवून घ्या अथवा अंतरा इंजेक्शन घ्या; त्या दोहोंच्या परिणामकारकतेला या औषधांमुळे बाधा येत नाही.